वळताना दुचाकी दिसतच नाही, मदत हवी आहे

नवखी: गेल्या आठवड्यात लक्ष्मीनगर चौकात वळताना माझ्या कारचा एका दुचाकीस्वाराला धक्का लागला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तेव्हापासून स्टिअरिंग धरताना माझे हात थरथरतात. मी आरसा पाहिला होता आणि त्यात कोणीही नव्हते. सोमवारपासून पुन्हा रोज गाडी न्यायची आहे, तरी काय करावे ते कृपया लवकर सांगावे.

खामलाकर: ताई, आपण डावीकडे वळत होतात की उजवीकडे, आणि इंडिकेटर केव्हा दिला होता? वर्धा मार्गावर मेट्रोच्या खांबांआडून येणारी दुचाकी दिसत नाही, तो प्रश्न निराळा आहे.

बुलेटवाला: दिवसा दिवा लावून येणाऱ्यांवर कारवाले उगाच चिडतात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो.

नवखी: दिव्याबद्दल मी विचारलेच नव्हते. मी डावीकडे वळत होते आणि इंडिकेटर वळतानाच दिला.

खामलाकर: मग डाव्या आरशावर छोटा बहिर्गोल आरसा चिकटवा. माझी अडचण त्यानेच सुटली.

बुलेटवाला: मला हे पटत नाही. त्या आरशात दुचाकी ठिपक्याएवढी आणि आहे त्याहून लांब दिसते, म्हणून मान वळवून डाव्या खांद्यावरून पाहण्याला पर्याय नाही. ताई, वळण्याआधी आपण गाडी थोडी उजवीकडे घेता का?

नवखी: हो, वळण मोकळे मिळावे म्हणून मला तसेच शिकवले होते.

बुलेटवाला: चूक तिथेच आहे. कार उजवीकडे सरकली की मागच्या दुचाकीस्वाराला ती सरळ किंवा उजवीकडे जाणार असे वाटते आणि डावीकडची मोकळी जागा तो आपली समजतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला ११ मीटर पुढे येतो, त्यामुळे आपण आरसा पाहून चाक वळवेपर्यंत तो दाराशी पोहोचलेला असतो. इंडिकेटर बराच आधी द्या आणि गाडी हळूहळू डाव्या कडेला घ्या, म्हणजे आत शिरायला जागाच उरणार नाही.

खामलाकर: वळणाऱ्या गाडीच्या डावीकडून शिरणे हाही दोषच आहे, हे दुचाकीस्वारांनाही सांगावे.

बुलेटवाला: मान्य आहे, मी स्वतः तसे करणे सोडले आहे.

नवखी: पण कोपऱ्यावर ऑटो उभे असले, तर कडेला कशी घ्यायची?

बुलेटवाला: तेव्हा इंडिकेटर चालू ठेवून जवळपास थांबा, खांद्यावरून पाहा, आलेली दुचाकी जाऊ द्या आणि मगच वळा. मागचा हॉर्न वाजवेल, त्याला वाजवू द्या.