मदत हवी आहे: यू-बोटींच्या गस्तीचं गणित जुळत नाही (टाइप ७सी, ९सी इ.)

नकाशेवाला
दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर दिवाळी अंकासाठी लेख करतोय. टाइपवार गस्तीचे नकाशे द्यायचे आहेत आणि घोडं पल्ल्यापाशी अडलंय. टाइप ७सीचा पल्ला १० नॉट वेगाला ८,५०० सागरी मैल. म्हणजे ८५० तास, फार तर ३५ दिवस. पण १९४२ मध्ये याच बोटी अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेल्या आणि सहा-सात आठवड्यांनी परतल्या. मग नकाशावर पल्ल्याचं वर्तुळ कितीचं काढू? दुसरं, ९सी मोठी आणि लांब पल्ल्याची असताना उत्तर अटलांटिकमधल्या व्यापारी जहाजांच्या काफिल्यांवर भर ७सीचाच का? जाणकारांनी सांगावं.

खोलपाणी
पल्ल्याला वेगाने भागून दिवस काढू नका, तिथेच चूक होतेय. डिझेलचा हिशोब वेगावर असतो. ७सीत ११३.५ टन डिझेल. १० नॉटला मैलाला साधारण साडेतेरा किलो जळतं. १७ नॉटला पल्ला उतरतो ३,२५० मैलांवर, म्हणजे मैलाला ३५ किलो. काफिल्याला वळसा घालून पुढे जाण्यासाठी एका रात्रीत १० तास पूर्ण वेगाने पळवली तर सहा टन संपलं. तेवढ्यात संथ चालीने ४४५ मैल झाले असते. उलट गस्तीच्या जागी इंजिन जवळजवळ बंद ठेवून लाटांवर डुलत वाट बघितली तर दिवस जातात, डिझेल जात नाही. म्हणून त्याच बोटीची एक गस्त चार आठवड्यांची, दुसरी आठ.

अमेरिकेचं सांगायचं तर फ्रान्सच्या किनाऱ्यापासून न्यूयॉर्क सुमारे ३,००० मैल. जाऊन-येऊन ६,००० झाले, उरले अडीच हजार आणि त्यातच शिकार. ते पुरावं म्हणून ७सीवाले एकाच इंजिनावर संथ जात आणि समतोलाच्या काही टाक्यांत, अगदी धुण्या-पिण्याच्या पाण्याच्या काही टाक्यांतही डिझेल भरून नेत. याची किंमत मोजावी लागे. डिझेल जळतं तशी टाकीत खालून समुद्राचं पाणी शिरतं. एक टन डिझेलच्या जागी जवळपास १.२ टन पाणी येतं, म्हणजे बोट रोज जड होत जाते. ते वजन समतोलाच्या टाकीतलं पाणी बाहेर टाकून सावरायचं असतं. त्याच टाकीत डिझेल असेल तर बुडी मारल्यावर बोट सावरायला इंजिनिअरच्या हातात फार थोडं उरतं.

टिपणवही
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बुडीच्या वेळेत आणि आकारात आहे. ७सी ६७ मीटर, ७६९ टन, सराईत खलाशी असतील तर अर्ध्या मिनिटात पाण्याखाली. ९सी ७६.८ मीटर, १,१२० टन, वरचा डेक रुंद आणि सपाट. बुडायला काही सेकंद जास्त, वळायला जड आणि सोनारला (ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला) मोठं लक्ष्य. विमान अंगावर येताना ते काही सेकंदच जीव घेतात. त्यामुळे टोळीने काफिल्यावर तुटून पडायचं काम ७सीचं आणि जिथे पहारा ढिला आहे तिथे एकटीने भटकायचं काम ९ चं. जानेवारी १९४२ ची अमेरिकेवरची पहिली धाड ९ टाइपच्या पाच बोटींनी घातली: यू-६६, १०९, १२३, १२५ आणि १३०.

टॉर्पेडोंची मांडणीही लेखात घ्या. ७सीत १४: पाच नळ्यांत, सहा पुढच्या खोलीत, एक मागे आणि दोन डेकखाली, दाबरोधक कवचाच्या बाहेर. ९सीत २२, पण त्यातले १० बाहेर! प्रत्येक जवळपास दीड टनाचा, सात मीटर लांब. तो आत घ्यायचा तर समुद्र शांत हवा, बोट वर हवी आणि तेवढा वेळ बुडी मारता येत नाही. दक्षिण अटलांटिकच्या ओसाड भागात हे जमायचं, काफिल्याच्या वाटेवर नाही. विमानांचा धाक वाढल्यावर १९४३ मध्ये ७सीवरचे बाहेरचे दोन बंदच झाले.

नकाशेवाला
मनापासून धन्यवाद, दोघांनाही. आता ७सीसाठी एकच वर्तुळ न काढता दोन काढतो. इंधन पुरवणाऱ्या बोटी कशा दाखवू? आणि अरबी समुद्रात आलेल्या कोणत्या टाइपच्या?

खोलपाणी
टाइप १४ म्हणजे 'दुभत्या गायी'. टॉर्पेडोच्या नळ्याच नाहीत, वाटायला ४०० टनांहून जास्त डिझेल. पहिली यू-४५९, तिने एप्रिल १९४२ मध्ये बर्म्युडाच्या ईशान्येला वाटप सुरू केलं. गस्तीचा मार्ग नको, भेटीचे बिंदू दाखवा, कारण घात तिथेच झाला. डिझेलची नळी जोडून तासन् तास दोन बोटी पाण्यावर आणि भेटीची जागा वायरलेसवर ठरायची. एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश फुटू लागल्यावर विमानं नेमकी तिथे पोचू लागली. दहा बांधल्या, दहाही बुडाल्या.

अरबी समुद्रासाठी 'मान्सून' गट बघा. १९४३ च्या उन्हाळ्यात निघालेल्यांपैकी पाच हिंदी महासागरात पोचल्या: यू-१६८, १८३, १८८, ५३२, ५३३. सगळ्या ९सी/४०, म्हणजे ९सीचीच सुधारित आवृत्ती. आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपला वळसा घालून इथवर यायलाच दहा हजार मैलांच्या पुढे जावं लागतं, म्हणून मॉरिशसकडच्या समुद्रात 'ब्राके' या टँकरकडून त्यांनी डिझेल घेतलं. यू-५३३ ऑक्टोबरमध्ये ओमानच्या आखातात बुडाली, बाकीच्या चार मलायातल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या पेनांगला गेल्या. या पट्ट्यासाठी खरी बांधलेली ९डी२: ४४१ टन डिझेल, १२ नॉटला २३,७०० मैल, संथ प्रवासासाठी दोन जादा छोटी डिझेल इंजिनं. यू-१८१ ची १९४३ ची गस्त २०६ दिवसांची होती, तीही मध्ये टँकर गाठून.

टिपणवही
१९४४ नंतरच्या नकाशाला वेगळी मोजपट्टी लावा. स्नॉर्केलवर (पाण्याखालून डिझेल इंजिन चालवायला हवा ओढणाऱ्या नळीवर) बोट दिवसाला ५०-६० मैलच सरकायची. लाट आली की झडप मिटते, इंजिन बोटीतलीच हवा ओढतं आणि सगळ्यांचे कान दडपतात. टाइप २१ साठी वर्तुळ काढूच नका. ११८ दाखल झाल्या, पण गस्तीवर निघाल्या त्या अगदी शेवटच्या दिवसांत, यू-२५११ आणि यू-३००८. छोटी टाइप २३ मात्र दाखवा, सहा बोटी ब्रिटिश किनाऱ्यावर प्रत्यक्ष लढल्या. प्रत्येकीकडे टॉर्पेडो दोनच, ते संपले की परत, म्हणून तिचं वर्तुळ डिझेलवर ठरत नाही.