सेल्फ मारला की नुसतं टकटक, बॅटरीच बदलायची का?

ऐरोलीकर
पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बॅटरी तीन वर्षांची. सोसायटीत उघड्यावर उभी असते, मध्यंतरी बरेच दिवस चालवली नव्हती. चावी फिरवली की भराभर टकटक आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. इंजिन फिरतच नाही. बॅटरीवाला म्हणतो नवीनच घ्या. त्याआधी काय तपासू?

वाशी_वायरिंग
नवीन घेण्याची घाई करू नका. हा आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा. ते ओढलं जातं, व्होल्टेज कोसळतं, ते सुटतं, पुन्हा ओढलं जातं. सेल्फला पुरेसा करंट मिळत नाहीये एवढं नक्की, पण त्यात दोष बॅटरीचाच असेल असं नाही.

आधी टर्मिनल बघा. क्लॅम्प हाताने फिरवून पाहा, जरासुद्धा हलता कामा नये. खाडीकाठच्या दमट हवेत तिथे पांढरी-हिरवी पूड धरते आणि करंट अडतो. १० नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा. लावताना पॉझिटिव्ह आधी. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन.

मग मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरा आणि मगच लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून व्होल्टेज बघणं) करा. उतरलेल्या बॅटरीची टेस्ट घेतली तर चांगली बॅटरीही नापास होते. भरलेली असूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली, तर मात्र बदला.

माजिवडा_गॅरेज
अर्थिंगही बघा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय.

जंप देताना (दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला केबलने जोडून चालू करताना) क्रम असा: लाल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून लांब. गाडी चालू झाल्यावर टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर आल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) आणि त्याचा बेल्ट बघा. नाहीतर नवी बॅटरीसुद्धा उतरेल.

ऐरोलीकर
निगेटिव्हचा क्लॅम्प हाताने फिरत होता. साफ करून घट्ट केला, मीटरवर १२.५. इंजिन आता जोरात फिरतं, पण पकडत नाही. पेट्रोलचा काटा तळाला आहे, गॅस भरलेला आहे.

माजिवडा_गॅरेज
मग तेच कारण असणार. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात. चार-पाच लिटर टाका, चावी ऑन करून थांबा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज आला तर पंप चालतोय. अशी दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ करा, लाइनमध्ये प्रेशर येईल, मग सेल्फ. आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. तेही ठीक असतील तर पंप गेला. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, त्यामुळे गॅसवर फिरणाऱ्यांनी टाकी कोरडी ठेवली की पंप जळतो. निदान पाव टाकी कायम ठेवा.

एकावेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

वाशी_वायरिंग
डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून पाहा. उघड्यावर उभ्या गाडीत उंदीर इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, तेही बघून घ्या.

आणि हे पाऊस पडतोय म्हणून लिहितो: ठाण्यातल्या वंदना टॉकीजसारख्या सखल भागात गाडी पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका. एअर फिल्टर काढून बघा. ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या आणि स्पार्क प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नका.