मटेरियल की ॲपल? ॲप एकच, मग नियमावली कोणाची?

ओसरीवरचा
छोट्या टीमने दोन-दोन डिझाइनं सांभाळायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गूगलची 'मटेरियल' ही डिझाइनची नियमावली (2014) घ्या आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे तीच चालवा. रंग कुठला कशासाठी, दाबलेलं बटण कसं दिसावं, सगळं लिहून ठेवलंय. ॲपलची नियमावली 1987 पासूनची, मान्य. पण तीत उपदेश फार, मापं कमी. 2025 मध्ये तर 'लिक्विड ग्लास' हे पारदर्शक काचेसारखं रूप आणून काचेवरचा मजकूर वाचायला लावला. ओरड झाली, मग आयफोनच्या आयओएस 26.1 मध्ये काच धुरकट करायची सोय आली!

नाक्यावरची
साफ नामंजूर. दाबायची जागा किमान 44 पॉइंट (ॲपलचं स्क्रीनवरचं एकक) हवी हे ॲपलनेच सांगितलंय. गूगलचं माप 48 डीपी (अँड्रॉइडचं तसंच एकक). मापं कमी कुठे?
आयफोनवाला डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे जातो. तुमच्या मटेरियल ॲपमध्ये तिथूनच मेनू बाहेर आला तर तो वैतागून ॲपच काढून टाकेल. रंग, फाँट तुमचे ठेवा हो, पण मागे जाणं, शेअर करणं, तारीख निवडणं ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीनेच.

काना_मात्रा
दोघंही रोमन लिपी धरूनच भांडताय. मटेरियलच्या 2018च्या आवृत्तीत बटणावरचा मजकूर सगळा कॅपिटल, वर अक्षरांमध्ये 1.25 एसपी (अँड्रॉइडचं अक्षरांसाठीचं एकक) अंतर. देवनागरीत कॅपिटल नसतातच, उरतं नुसतं अंतर. 'जतन करा' लिहिलं की शिरोरेषेचे तुकडे. ओळीची उंची इंग्रजीचीच ठेवली तर 'र्की'चा रफार वरून छाटला जातो.
गंमत म्हणजे हिंदी, थाई वगैरे 'उंच' लिप्यांना ओळीची उंची जास्त द्या, असं मटेरियलच्याच जुन्या पानांवर होतं. वाचतो कोण?

ओसरीवरचा
नाक्यावरची ताई, मागे जाण्याचा मुद्दा बिनतोड. तेवढं आयफोनचं आयफोनला. तारखेचं मात्र ऐकणार नाही. 1958 सालचा जन्म असलेल्या माणसाने ॲपलचं ते तारीख निवडायचं चाक किती फिरवायचं?
काना_मात्रा, अंतर शून्य केलं की मिटलं. त्यासाठी नियमावली कशाला बदलायची?

काना_मात्रा
मिटलं कसं? इंग्रजी स्क्रीनवर ते अंतर तुम्हाला हवंच असणार. म्हणजे भाषेगणिक अक्षरांचं अंतर वेगळं, ओळीची उंची वेगळी, आणि ते सगळं कुठेतरी लिहून ठेवायचं. दोन नियमावल्या नकोत म्हणता म्हणता तिसरी लिहायला बसलात की राव!