नव्या ग्रंथालय सहायकांना तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं) कसं शिकवावं?

प्रश्न: देवघेव सगळ्यांना जमते. पण मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या नमुन्यात नोंद केली की इंग्रजी शीर्षकं यादीत भलतीकडेच लागतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: २४५ या शीर्षकाच्या रकान्याचा दुसरा निर्देशक तपासा; क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची, ते हा अंक सांगतो. शीर्षक 'द'ने (The) सुरू होत असेल तर तिथे ४ हवा: तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा. 'अ‍ॅन'ला ३. शून्य तसाच राहिला की सगळी 'द'वाली पुस्तकं 'टी'खाली गोळा होतात.

उत्तर २: त्याआधी फडताळावरची मांडणी पक्की करा हो! वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक, दशांशात वाचायचा: ५१५.३५ हे ५१५.४ च्या आधी येतं. पस्तीस मोठे समजून हमखास उलटं लावतात.

उत्तर ३: आणि सहलेखक ७०० या रकान्यात. १०० हा मुख्य लेखकाचा रकाना एका नोंदीत एकदाच.