जंताचे औषध देऊनही कोंबड्यांच्या विष्ठेत जंत दिसत आहेत, मदत हवी आहे

परसदार : परसात मोकळ्या सोडलेल्या आमच्या गावठी कोंबड्यांना दुकानातून आणलेले जंताचे औषध पाण्यातून दिले, तरी विष्ठेत पांढरे जंत दिसतच आहेत. त्या भरपूर खातात, पण छातीचे हाड हाताला लागते आणि अंडी जवळजवळ बंद झाली आहेत. तेच औषध दुप्पट मात्रेत द्यावे का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

माळरान : मात्रा वाढवण्याआधी बाटलीवर कोणता घटक लिहिला आहे, जंत लांब आहेत की तुकडे पडतात आणि औषधाच्या दिवशी कोंबड्या खुराड्यात होत्या की बाहेर, हे सांगावे. पावसाळ्यात बाहेर सोडलेली कोंबडी डबक्यातले पाणी पिते आणि भांड्यातले औषध तसेच राहते.

शेवगा : या रसायनांची गरजच नाही. पपईच्या बिया वाळवून, कुटून खाद्यात मिसळाव्यात. आमच्या घरी आजीपासून हाच उपाय चालत आला आहे आणि आमच्या कोंबड्या कायम सुदृढ राहिल्या आहेत.

सह्यकडा : मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटा लस दिली आहे का? मानमोडी आली, तर दोन दिवसांत खुराडे रिकामे होते. आधी लसीकरण पाहावे.

परसदार : लस दिलेली आहे आणि माझा प्रश्न तो नाही. बाटलीवर पायपराझीन लिहिले आहे. जंत म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे चपटे तुकडे असून ताज्या विष्ठेत ते हलताना दिसतात. औषध दिले तेव्हा कोंबड्या खुराड्यातच होत्या.

निवृत्त पशुवैद्य : हीच माहिती महत्त्वाची होती. पायपराझीनने मोठे गोलकृमी बधिर होऊन विष्ठेवाटे बाहेर पडतात. आपण वर्णन केलेले तुकडे मात्र पट्टकृमीचे दिसतात आणि त्यांवर हे औषध चालत नाही, त्यामुळे मात्रा दुप्पट करूनही उपयोग होणार नाही. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड यांसारखी औषधे आहेत, परंतु मात्रा वजनावर ठरते आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही ठरवावे लागते; म्हणून ती डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावीत. पपईच्या बियांवर विसंबून खंगलेल्या कोंबड्यांचे उपचार लांबवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवगा : मी प्रतिबंधासाठी सांगत होतो. औषध थांबवावे, असे माझे म्हणणे नाही.

माळरान : खुराड्याजवळ शेणखताचा खड्डा आहे का?

परसदार : लागूनच आहे, कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असतात. सगळीकडे चुना मारला तर भागेल का?

सह्यकडा : आम्ही दरवर्षी चुनाच मारतो आणि तो पुरतो.

निवृत्त पशुवैद्य : चुन्यावर एवढा भरवसा ठेवता येणार नाही. पट्टकृमीची अंडी मुंग्या, शेणकिडे किंवा माश्या यांच्या पोटात जातात आणि तो कीटक खाल्ल्यावरच कोंबडीला लागण होते, म्हणून शेणखताचा खड्डा दूर न्यावा किंवा जाळीने बंद करावा; एरवी औषधाने बरी झालेली कोंबडी पुन्हा तिथेच किडे टिपेल. गोलकृमीची अंडी मात्र उबदार, ओल्या जमिनीत साधारण दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात, महिनोन्‌महिने टिकतात आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना कडक ऊन आणि कोरडेपणाच मारतो. त्यासाठी खुराड्यातले भिजलेले तूस काढून कोरडे घालावे, पाण्याचे भांडे विटांवर उंच ठेवावे आणि पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावीत, कारण तीन महिन्यांखालील पिल्लांना गोलकृमीचा त्रास अधिक होतो.

परसदार : विष्ठा तपासून घ्यायची असेल तर नमुना कसा न्यावा?

निवृत्त पशुवैद्य : सकाळची ताजी विष्ठा चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी घेऊन, मातीचा भाग वगळून, स्वच्छ झाकणाच्या डबीत भरावी आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. हलणारे तुकडे दिसले तर तेही वेगळ्या डबीत थोड्या पाण्यात टाकून न्यावेत. विष्ठेत रक्त दिसत असेल तर ते आवर्जून सांगावे. ती रक्ती हगवण असू शकते आणि तिच्यावर जंताचे कोणतेही औषध चालत नाही.