विषय: बाबांच्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलेले पासवर्ड

नमस्कार मंडळी,
सध्या पार्ल्याला आईबाबांकडे आलेय. घरात कॉम्प्युटर एकच, बाबांचा, पण वापरतात सगळेच, भाचा गेम खेळतो, शेजारची मुलं प्रोजेक्टचे प्रिंट काढतात, सोसायटीचे सेक्रेटरी काका नोटीस टाइप करायला येतात. आणि बाबांचे बँकेचे, पेन्शनचे सगळे पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह! कोणावर संशय नाही हो, सगळी घरचीच माणसं, पण जीवाला घोर लागतोच. परत निघायच्या आधी काय करून ठेवू?

---

ताई, आधी बघ विंडोज सुरू होताना पिन किंवा पासवर्ड मागतं का. नसेल मागत तर बाकी सगळं मुसळ केरात. सेव्ह केलेला पासवर्ड दाखवण्याआधी क्रोम विंडोजचाच पिन विचारतं, तोच नसेल तर डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की पासवर्ड समोर.

आणि पिन असला तरी बाबा लॉगिन तसंच ठेवून चहाला उठले की संपलं. बँकेच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जातो, ते काळे ठिपके दिसतात ना, त्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्टमध्ये जायचं आणि टाइपपुढे पासवर्डच्या जागी टेक्स्ट लिहायचं, की ठिपक्यांची अक्षरं होतात. शाळेतल्या पोरांना हे येतं गं.

क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करून भागणार नाही, एका क्लिकवर कोणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातो. त्यापेक्षा विंडोजमध्येच बाकीच्यांसाठी एक वेगळं युजर अकाउंट काढ, सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स. ते स्टँडर्डच ठेव, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अजिबात नको. आणि बाबांना उठताना विंडोजची की आणि एल एकत्र दाबायला शिकव, स्क्रीन लगेच लॉक होते.

---

दादा, थँक्यू! अकाउंट काढते आजच. पण लॉक करायचं बाबांच्या लक्षात राहील असं वाटत नाही, दुसरं काही?

---

मग बाबांना फायरफॉक्स लावून दे, त्यात प्रायमरी पासवर्ड ठेवता येतो. फायरफॉक्स उघडल्यावर एकदा तो टाकला की सेव्ह केलेले पासवर्ड चालू, म्हणून काम झालं की फायरफॉक्स बंद करायचं, एवढंच सांग. क्रोममधले पासवर्ड मात्र आठवणीने डिलीट कर. प्रायमरी पासवर्ड विसरला तर रीसेट करावा लागतो आणि सेव्ह केलेलं सगळं जातं, तेव्हा तो डायरीत लिहून डायरी आईच्या कपाटात. बँकेचा तर कुठेच सेव्ह करू नका, तोही डायरीतच.

आणि तू तिथे क्रोममध्ये स्वतःचं गूगल अकाउंट जोडलं असशील तर ते अख्खं प्रोफाइल काढूनच निघ, नाहीतर तुझेही पासवर्ड पार्ल्यात राहतील.