डॉक्टरांचा दाखला आहे, म्हणजे मृत्युपत्र स्वेच्छेचं ठरतं का?

रानवारा (धागाकर्ता):
'मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे.' असं वाक्य बहुतेक मृत्युपत्रांत असतं. त्याला डॉक्टरांचा दाखला जोडला की विषय संपला असं धरलं जातं. मला हे पटत नाही. तो दाखला 'शुद्धीत' एवढ्यापुरताच असतो. दडपण होतं की नाही, हे डॉक्टर नाडी बघून सांगू शकत नाहीत.

माझी आत्या शेवटची दोन वर्षं दिराच्या मुलाकडे होती. 'बरी आहेस ना?' विचारलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग 'हो' म्हणायची. फोन तोच उचलायचा आणि स्पीकरवर ठेवायचा. मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे त्यानेच नेला, आणि सगळं त्याच्याच नावे. तारीख, वार, खात्यातली रक्कम, सगळं तिला अचूक सांगता यायचं. दाखला खोटा नव्हताच!

पिंपळपान:
सपशेल असहमत. दोन वर्षं तिची औषधं, रात्रीची जागरणं कोणी काढली? ज्याने केलं त्याला द्यावंसं वाटलं, यात दडपण कुठून आलं? भारतीय वारसा कायदा, १९२५ चं कलम ६१ वाचा. वाटा मिळावा म्हणून कुणी मुद्दाम लाडीगोडी लावली आणि त्यातून जीव जडला, तरी ती देणगी रद्द होत नाही, असं उदाहरण त्यातच दिलंय. गळ घातली, पण निर्णय स्वतःच्या मर्जीने घेतला, तर तेही चालतं.

मी वडिलांचं सात वर्षं केलं. घर त्यांनी मला दिलं, तर भावाने कोर्टात लिहून दिलं की मी त्यांना 'ताब्यात ठेवलं'. पुरावा काय, तर फोन मी उचलायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं हो!

रानवारा:
फोनचं मान्य, नुसतं तेवढ्यावरून काही ठरू नये. पण त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे: माणूस इतका खंगलाय की तगाद्यापुढे टिकाव धरू शकत नाही, आणि निव्वळ डोक्याला शांतता मिळावी म्हणून सही करतो. ते मृत्युपत्र रद्द. मला आत्याची सही तशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात १९५९ मध्येच सांगितलंय की ज्याला मोठा लाभ होतोय त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब आहे आणि तो संशय त्यानेच दूर करायचा. सेवा करणाऱ्याला शिक्षा करा असं मी म्हणत नाहीये. त्याने उत्तर द्यावं, एवढंच.

कोरापान:
दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. मनाची क्षमता हीसुद्धा होय-नाहीत उत्तर देण्याची गोष्ट नाही. इंग्लंडमधला १८७० चा बँक्स विरुद्ध गुडफेलो खटला घ्या. दुष्ट आत्मे आपल्या मागे लागलेत असं त्या माणसाला वाटायचं, तरी त्याचं मृत्युपत्र टिकलं, कारण त्या भ्रमाचा वाटणीवर परिणाम झाला नव्हता. आपण काय करतोय, आपलं काय काय आहे आणि आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोचतो, हे त्याला कळत होतं. आपल्याकडे कलम ५९ नुसार, एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही मधल्या शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकतो. त्यामुळे 'ते विसरायला लागले होते' एवढ्यावर कोणी उड्या मारू नयेत.

हयातीतल्या बक्षीसपत्राचं वेगळं. तिथे करार कायद्याचं कलम १६ बघतात. म्हातारपणाने किंवा आजाराने मन खचलेल्या माणसाकडून कुणी वरवर पाहताही अन्यायाचा व्यवहार करून घेतला, तर दबाव नव्हता हे घेणाऱ्याने दाखवायचं.

मृत्युपत्राच्या बाबतीत माझा एकच आग्रह: वकिलाने त्या माणसाला एकट्याने भेटावं, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावं.

पिंपळपान:
हे सांगायला सोपं आहे. मला बाहेर बसवलं तेव्हा वडील घाबरले. 'ती कुठे गेली?' एवढंच विचारत राहिले. हे टिपलं असतं, तर भावाच्या वकिलाने त्याचाच पुरावा केला असता.

रानवारा:
टिपायलाच हवं होतं, ताई. घाबरले हेही, आणि शांत झाल्यावर घर कोणाला म्हणाले हेही. तुमच्याकडे आज ते दाखवायला असतं. आत्याला तर खोलीत एकटीला बसवून कोणी काही विचारलंच नाही.